प्रयोगाचा पैसा आणि पऱ्हाटीचा धूर



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो. विहिरीला कर्ज मिळते, ठिबकला अनुदान मिळते, ट्रॅक्टरसाठी बँक दारात येते. पण एखाद्याच्या डोक्यात नवे यंत्र आले आणि ते चालेल की नाही हे त्याचे त्यालाच ठाऊक नसले, तर ते करून पाहायला कोणी पैसा देते काय? पुसदच्या एका वेल्डिंग दुकानदाराने तर सरळच विचारले आहे : "शेतातली पऱ्हाटी उपटून तिथल्या तिथे कुट्टी करणारे यंत्र मनात आहे. दोन लाख लागतील. बाबा म्हणतात, दोन एकर गहाण टाकू. टाकावे काय?"

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. टाकू नये. जे यंत्र अजून झालेले नाही, त्याच्यासाठी जमीन गहाण टाकणे म्हणजे न पेरलेल्या पिकावर लग्न ठरवण्यासारखे आहे. त्या कामासाठी वेगळा पैसा असतो. तो थोडा आहे, त्याची वाट वळणाची आहे, आणि तो मिळाला म्हणजे सगळे साधले असेही नाही. पण तो आहे, आणि खेड्यातल्या कारागिराने तो मागायला हरकत नाही.

तीन प्रकारचा पैसा

कर्ज आपण ओळखतो. घेतलेले व्याजासकट परत करायचे. यंत्र चालो वा न चालो, हप्ता चुकत नाही. अनुदानही आपण ओळखतो. जी वस्तू बाजारात तयार आहे, तिच्या किमतीचा काही भाग सरकार भरते. तिसरा प्रकार आहे प्रयोगनिधी. वस्तू अजून नाही, ती होईल की नाही हे पाहायचे आहे, आणि तेवढे पाहण्याचा खर्च सरकार सोसते. प्रयोग फसला तरी प्रामाणिकपणे केलेला खर्च सहसा परत मागितला जात नाही. मागितला जातो तो हिशेब, आणि काय केले व काय आढळले याची टिपणे.

शेतकऱ्याला ही रीत नवी वाटू नये. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. विद्यापीठाच्या रानात शंभर वाण पेरले जातात, त्यांतले मोजके बाहेर येतात. उरलेल्यांवर झालेला खर्च कोणी बुडीत म्हणत नाही, कारण ते वाण आपल्या शेतात फसण्याऐवजी तिथे फसले. फसण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा, एकट्या कुटुंबावर पडू द्यायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे. बियाण्याला लावलेले हेच तत्त्व लेथ मशीनला लावले, की प्रयोगनिधी होतो.

ही रीत आली कुठून?

लहान उद्योगांसाठी ही रीत पद्धतशीर बसवली ती अमेरिकेने. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स नावाचे अधिकारी होते. संशोधनाचा सरकारी पैसा मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे यांच्याकडेच जातो, आणि नव्या कल्पना मात्र पुष्कळदा दहा-वीस माणसांच्या कारखान्यात निघतात, हे त्यांनी पाहिले. १९७७ साली त्यांनी लहान प्रमाणावर योजना सुरू केली, आणि १९८२ साली तिचा कायदा झाला. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी बाजूला काढलाच पाहिजे, असा तो कायदा. आरंभी हा हिस्सा ०.२ टक्के होता. २०१७ पर्यंत तो ३.२ टक्क्यांवर गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा संरक्षण खात्याचा राहिला, आणि ऊर्जा खातेही त्यात आले.

या योजनेतले शहाणपण तिच्या तीन पायऱ्यांत आहे. पहिल्या पायरीला थोडा पैसा आणि साधारण सहा महिने : कल्पनेत दम आहे की नाही एवढेच दाखवा. दम दिसला तर दुसरी पायरी : जास्त पैसा, सुमारे दोन वर्षे, चालता नमुना करा. तिसऱ्या पायरीला या निधीतून पैसा नाही. तिथे गिऱ्हाईक पाहिजे. म्हणजे आधी कुंडीत रोप, मग वाफ्यात, आणि शेवटी रानात. रानात गेल्यावर पाऊसपाणी त्याचे त्याने पाहायचे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडेही ही वाट हळूहळू पडत गेली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली जवळजवळ अमेरिकी योजनेचेच नाव घेऊन लहान उद्योगांसाठी संशोधन योजना काढली. संरक्षण संशोधन संस्थेचा, म्हणजे डी.आर.डी.ओ.चा तंत्रज्ञान विकास निधी २०१६ साली आला; त्याची एका कामामागची मर्यादा १० कोटी होती, ती २०२२ साली ५० कोटी झाली. २०१८ च्या एप्रिलमध्ये संरक्षण मंत्रालयाने 'आयडेक्स' ही योजना सुरू केली. तीत सैन्यदले आपली अडचण जाहीर करतात, आणि जो लहान उद्योग तिच्यावर तोड सुचवेल त्याला नमुना करण्यासाठी दीड कोटीपर्यंत मदत मिळते. मात्र तितकाच वाटा त्याने स्वतः उभा करायचा असतो.

हे आकडे ऐकून आमच्या वेल्डिंगवाल्या मित्राला घाम फुटेल. त्याच्यासाठी लहान दारेही आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'निधि-प्रयास' योजना नमुना तयार करण्यासाठी १० लाखांपर्यंत देते. सूक्ष्म व लघुउद्योग मंत्रालयाने २०२२ साली काढलेल्या योजनेत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ही दोन्ही दारे मुंबई-दिल्लीच्या टेबलावर उघडत नाहीत. मान्यता मिळालेल्या संस्था आणि इनक्युबेटर केंद्रांमार्फत उघडतात. अंडी उबवण्याच्या पेटीला जो शब्द, तोच हा. पिल्लू बाहेर येऊन चालू लागेपर्यंत ऊब देणे, एवढेच त्या केंद्राचे काम. रकमा व अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करतेवेळी चालू नियम वाचून घ्यावेत.

गिऱ्हाईक आधी, यंत्र मागून

आता संरक्षणाच्या कामाचे एक उदाहरण पाहू, कारण शेतीच्या यंत्रांना त्यातून शिकण्यासारखे आहे.

मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या काही तरुणांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी काढली. आय.आय.टी.च्याच इनक्युबेटर केंद्रात ती वाढली. बिनवैमानिकाचे लहान विमान, ज्याला आज आपण ड्रोन म्हणतो, ते करण्याचे वेड त्यांना होते. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात जे चार पंख्यांचे यंत्र उडताना दिसते, ते त्यांचेच. पण चित्रपटात उडणे वेगळे आणि सीमेवर उडणे वेगळे. डी.आर.डी.ओ.च्या पुण्यातील अभियांत्रिकी प्रयोगशाळेबरोबर काम करून त्यांनी 'नेत्र' हे टेहळणीचे ड्रोन तयार केले. सुरक्षादलांनी ते घेतले. वाऱ्यात काय होते, थंडीत बॅटरी किती टिकते, धुळीत मोटर कशी बसते, हे वापरणाऱ्यांकडून कळत गेले आणि यंत्र सुधारत गेले. २०२१ च्या जानेवारीत सैन्याने त्यांच्या पुढच्या यंत्रासाठी मोठी मागणी नोंदवली. आरंभापासून चौदा वर्षे झाली होती.

यातला मुद्दा असा की, नुसत्या निधीवर ही कंपनी उभी राहिली नाही. घेणारा होता, आणि घेणाऱ्याला काय हवे ते नेमके सांगता येत होते. संरक्षणाच्या कामात सरकार पैसाही देते आणि मालही घेते. शेती आणि ऊर्जेच्या कामात पैसा सरकारचा असतो. पण माल घ्यायचा असतो तुम्ही-आम्ही, आणि आपले खिसे पावसावर अवलंबून. म्हणून कितीतरी चांगली यंत्रे प्रदर्शनात बक्षीस घेतात आणि नंतर गोडाऊनच्या कोपऱ्यात गंजतात.

सैन्यासाठी केलेल्या कामाचा उपयोग रानातही होतो. त्याच जातीच्या मोटरी, बॅटऱ्या आणि नियंत्रक वापरून आज फवारणीची ड्रोन उडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने १५,००० महिला बचतगटांना अशी ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. यवतमाळ जिल्ह्याला हे निव्वळ कौतुकाचे नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून वीसहून अधिक जण दगावले. पाठीवरचा पंप, छातीइतकी पऱ्हाटी, अंगावर येणारा फवारा आणि बिनहातमोज्याचा हात. माणूस आणि विष यांच्यात अंतर ठेवणारे कोणतेही यंत्र इथे चैनीचे नाही. मात्र ते भाड्याने परवडेल का, बिघडले तर पुसदला दुरुस्त होईल का, हे प्रश्न कारखान्यात सुटत नाहीत, गावातच सुटतात. लहान कारागिराची जागा नेमकी इथे आहे.

पऱ्हाटीचे काय करावे?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

कपाशीच्या एका एकरात वेचणी संपल्यावर अंदाजे एक टन पऱ्हाटी उभी असते. पाच एकरवाल्याकडे पाच टन. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता लाकडाइतकी असते. आपल्या वीज केंद्रांत जळणाऱ्या राखाळ कोळशापेक्षाही ती फार मागे नाही. तरी ती बांधावर पेटवली जाते. उभी ठेवली किंवा ढीग लावून ठेवली, तर तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात पुन्हा रानात उतरते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढून तिची विल्हेवाट लावा, असे कृषी खाते सांगत असते. काढायची तर खरी, पण तिचे करायचे काय?

कपाशीवर संशोधन करणारी केंद्र सरकारची 'सिरकॉट' ही संस्था १९२४ पासून मुंबईत आहे. नागपूरला तिचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. पऱ्हाटीपासून दाबफळ्या आणि जळणाच्या कांड्या करण्याचे काम तिथे झाले आहे. बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात, त्या कांडीत गोंद नसतो. भुसा चांगला वाळलेला असला आणि जबर दाबाखाली तापला, की लाकडातलाच चिकट अंश मऊ होऊन कांडी जमते. ओल जास्त असली तर कांडी फुटते. मुळाला माती राहिली तर राख वाढते आणि यंत्राचा साचा लवकर झिजतो. या दोन साध्या गोष्टींवर पुष्कळ कारखाने अडतात.

तिसरी अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि आकाराला मोठी. गाडी भरलेली दिसते, पण काट्यावर भरत नाही. डिझेलचा खर्च मालाच्या किमतीला खातो. म्हणून कुट्टी शेतातच झाली पाहिजे, आणि आमच्या पुसदच्या मित्राचा विचार या कारणाने अगदी योग्य जागी बोट ठेवतो. उपटण्याचा चिमटा आहे, मोठ्या ट्रॅक्टरवरची यंत्रेही आहेत; पण लहान ट्रॅक्टरवर चालेल, मुळाची माती झाडून टाकील आणि गावच्या दुकानात दुरुस्त होईल, अशा यंत्राला जागा आहे.

फलटण आणि पुण्याची उदाहरणे याबाबत उपयोगी आहेत. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला काढलेल्या संस्थेत डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेतून परतून १९८१ साली आले. केंद्र सरकारच्या मदतीने तिथे उसाच्या पाचटावर चालणाऱ्या गॅसिफायरवर, म्हणजे काडीकचऱ्यापासून जळाऊ वायू करणाऱ्या भट्टीवर, काम झाले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची सोपी भट्टी बसवली. बंद पिंपात पाचट भरायचे, बाहेरून जाळ द्यायचा. तापल्यावर पाचटातून जो वायू निघतो तोच पुढे जळण म्हणून उपयोगी पडतो. उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या. २००२ साली या कामाला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी माणसांनी आधी रानात पडून असलेला माल पाहिला आणि मग यंत्र योजले.

घेणारा कोण, हा प्रश्न ऊर्जेच्या बाबतीत आता पूर्वीइतका अंधारात नाही. कोळशावरच्या वीज केंद्रांनी कोळशाबरोबर पाच टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या जाळाव्यात, असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही केंद्रे विदर्भातच आहेत. मात्र धोरण जाहीर होणे आणि आपल्या गावच्या मालाचे पैसे वेळेवर हातात पडणे यांत पुष्कळ अंतर असते, हे कापूस विकणाऱ्या माणसाला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नये. पऱ्हाटी आणि तुराट्या यांच्यावर आज अनेक घरांच्या चुली पेटतात, विशेषतः मजुरांच्या. गॅसची टाकी घरात असली तरी ती भरून आणायला रोकड लागते. सगळी पऱ्हाटी ट्रकमध्ये गेली, तर त्या बाईने काय जाळावे? शिवाय काही कुट्टी रानातच गेली पाहिजे, नाहीतर जमिनीला काय मिळणार? म्हणून यंत्र करणाऱ्याने सुरुवातीलाच तीन वाटे मनात धरावेत : एक रानाचा, एक चुलीचा, एक बाजाराचा.

अर्ज करण्याआधी

पहिली गोष्ट वही. आजपासून एक शंभरपानी वही करा. तारीख, काय जोडले, किती डिझेल लागले, तासाला किती पऱ्हाटी कापली, कुठले पाते मोडले, सगळे लिहा. फसले तेही लिहा. ते तर आधी लिहा. निधी देणारे लोक तुमची इंग्रजी पाहत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण आकड्यांनी भरलेली वही पाहिली की त्यांचा सूर बदलतो.

दुसरी गोष्ट मोजमाप. पुसदला १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरसाल प्रकल्प करावा लागतो. तिथल्या प्राध्यापकांना जाऊन भेटा आणि विचारा. कारागिराचा हात आणि विद्यार्थ्याचे गणित एकत्र आले, तर दोघांचेही भले. यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रातही चालू योजनांची चौकशी करावी.

तिसरी गोष्ट हक्क. यंत्र प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा मोबाइलवर त्याची चित्रफीत फिरवण्यापूर्वी पेटंटचा तात्पुरता अर्ज करता येतो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. आधी गावभर दाखवले आणि मग हक्क मागितला, तर तो मिळणे कठीण होते.

चौथी गोष्ट दलाल. "मी निधी आणून देतो, दहा टक्के आगाऊ द्या," असे म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पाचवी गोष्ट धीर. पैसा हप्त्यांनी येतो, आणि हप्ता हंगाम पाहून येत नाही. म्हणून दुकानाचे रोजचे काम बंद करू नये. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे जोड, खिडक्यांच्या जाळ्या यांवर घर चालवावे, आणि प्रयोगासाठी आठवड्याचा एक दिवस राखावा.

आता त्या मित्राच्या वडिलांसाठी दोन शब्द. मुलाच्या बुद्धीवर तुमचा विश्वास आहे, म्हणूनच तुम्ही जमिनीचे नाव काढले. हा विश्वास लाखमोलाचा आहे. पण त्याची खूण म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढवायची गरज नाही. पहिला नमुना भंगारातल्या लोखंडाचा होऊ द्या, एका एकरावर चालवून पाहा, आणि शेजाऱ्यांपैकी दोघांना विचारा : भाड्याने लावाल का, आणि काय द्याल? त्यांचे उत्तर वहीत लिहा. पऱ्हाटी निघायला लागेपर्यंत एवढे होण्याजोगे आहे. तेवढे झाल्यावर प्रयोगनिधीचा अर्ज भरावा. तो नाकारला गेला, तर नाकारण्याचे कारण लेखी मागून घ्यावे आणि पुन्हा भरावा.

प्रयोग फसणे हा गुन्हा नाही. एका घराने एकट्याने त्याची किंमत मोजावी, ही रीत मात्र चुकीची आहे.

पुढील लेखात पेटंटचा तात्पुरता अर्ज कसा भरावा ते पाहू. आपली पत्रे येऊ द्यावीत.